टेक्स्ट एडिटरची मुक्त प्लगइन्स आणि मराठी संहिता : एक तौलनिक विचार

१. प्रास्ताविक

'संपादक' ही संज्ञा मराठीच्या अभ्यासकाला नवी नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुढे १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी आपल्याजवळच्या जुन्या प्रतीवरून वेगळी ज्ञानेश्वरी छापली. या दोन घटनांच्या दरम्यानचा आणि नंतरचा पाठचिकित्सेचा इतिहास आपण पदव्युत्तर वर्गांत शिकवतो. संपादक पाठ निवडतो, म्हणून त्याने निवडीची कारणे दिली पाहिजेत, हे त्या इतिहासाचे सार आहे. आज मात्र आपल्या लेखनाला आणखी एक संपादक लाभला आहे. संगणकावरील 'टेक्स्ट एडिटर' आणि त्याला जोडली जाणारी प्लगइन्स आपल्या नकळत पाठाची निवड करीत असतात. कोणता 'र' उमटावा, कोणत्या शब्दाखाली तांबडी रेघ यावी, दोन प्रतींमधील कोणता फरक हा फरक म्हणून गणला जावा, हे निर्णय तेथे आधीच घेतलेले असतात. आणि त्यांची कारणे बहुधा कोणी विचारीत नाही.

प्रस्तुत लेखात मुक्त स्रोत असलेल्या अशा काही साधनांची तुलना मराठी संहितेच्या दृष्टीने करावयाची आहे. कोणते साधन वेगवान किंवा देखणे, हा येथे प्रश्न नाही. मराठीविषयी कोणते साधन कोणता निर्णय घेते, आणि तो निर्णय पाहण्याची व बदलण्याची मुभा अभ्यासकाला कितपत देते, एवढ्याच मुद्द्यापुरता हा विचार मर्यादित आहे.

२. विषयाची निकड

हा प्रश्न पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात विशेष तीव्रतेने जाणवतो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्यानंतरच्या दशकांत निगडी, आकुर्डी, भोसरी आणि पुढे चाकण असा कारखान्यांचा विस्तार होत गेला. विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथून आलेल्या कामगारांमुळे या परिसरात मराठीच्या अनेक बोली एकाच यंत्राभोवती बोलल्या जातात. याच पट्ट्याच्या कडेला देहू आणि आळंदी आहेत. म्हणजे येथील विद्यार्थ्यापुढे एकीकडे संतवाङ्मयाची जुनी भाषा आणि दुसरीकडे कारखान्याच्या फाटकाबाहेरची जिवंत बोली, अशी दोन्ही प्रकारची संहिता असते. या दोन्ही संहिता प्रमाण मराठीच्या शुद्धलेखनात बसत नाहीत.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या मार्गदर्शनाखाली एका विद्यार्थ्याने चाकण परिसरातील कामगारांच्या बोलीवर लघुप्रबंध लिहावयास घेतला. तो स्वतः दुसऱ्या पाळीत काम करीत असे आणि सकाळच्या वेळी मुलाखती उतरवून काढीत असे. उतरवलेला मजकूर त्याने अंतिम मांडणीसाठी एका टंकनकेंद्रात दिला. तेथील चालकाने सद्‌भावनेने 'शुद्धलेखन तपासून' दिले. म्हणजे तांबडी रेघ आलेल्या प्रत्येक शब्दासाठी संगणकाने सुचविलेला पहिला पर्याय स्वीकारला. वऱ्हाडी निवेदकाच्या तोंडचे 'मले' काही ठिकाणी 'मला' झाले, तर काही ठिकाणी 'मळे'. मराठवाड्यातील निवेदकाच्या 'कामून'चे 'कामातून' झाले. भ्रमणध्वनीत जागा नसल्याने मूळ ध्वनिमुद्रणे पुसली गेली होती आणि कंत्राटाची मुदत संपल्याने निवेदकांपैकी बरेचजण परिसर सोडून गेले होते. प्रबंधातील एक प्रकरण गाळावे लागले. चूक टंकनकेंद्राची म्हणण्यापेक्षा, शुद्धलेखन-तपासनीस हा तटस्थ असतो या आम्हा सर्वांच्या समजुतीची होती.

३. तुलनेची चौकट

टेक्स्ट एडिटर म्हणजे केवळ अक्षरे साठवणारे लेखनसाधन. त्यात ठसा, रंग, पानाची मांडणी यांना स्थान नसते. म्हणूनच मूळ संहिता निर्भेळ स्वरूपात जपण्यासाठी ते उपयुक्त असते. प्लगइन म्हणजे त्या साधनाला जोडावयाचा छोटा उपक्रम. मूळ साधन न बदलता त्याला नवे काम शिकवता येते, हे त्याचे वैशिष्ट्य.

येथे चार एडिटर विचारात घेतले आहेत : रिचर्ड स्टॉलमन यांच्या प्रकल्पातील ईमॅक्स (१९८५), ब्राम मोलेनार यांचा व्हिम (१९९१), विंडोजपुरता मर्यादित असलेला नोटपॅड प्लस प्लस (२००३) आणि मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड (२०१५). यांपैकी शेवटच्याचा मूळ स्रोत मुक्त आहे. मात्र कंपनी वाटते ती तयार प्रत वेगळ्या परवान्याखाली येते, आणि केवळ मुक्त स्रोतातून बांधलेली प्रत 'व्हीएसकोडियम' या नावाने मिळते. काही सोयी एडिटरमध्ये अंगभूत असतात, तर काही बाहेरून जोडाव्या लागतात. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद गौण असल्याने दोन्हींचा विचार एकत्र केला आहे. तुलना तीन पातळ्यांवर केली आहे : अक्षर, शब्द आणि पाठ.

४. अक्षराची पातळी

'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' या दोन वाक्यांत गुरुजन येणार की स्वयंपाकी, हे एका 'र'वर ठरते. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांचेही तसेच. मराठीतला हा भेद छापखान्याच्या काळातही जपावा लागे. संगणकावर तो अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. कारण दृश्य रूप एकच असले तरी 'वऱ्हाड' या शब्दातील पहिले जोडाक्षर युनिकोडमध्ये तीन प्रकारे साठवता येते : स्वतंत्र 'ऱ' वापरून, साधा 'र' आणि नुक्ता वापरून, किंवा साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे 'जोडक' नावाचे अदृश्य चिन्ह वापरून. डोळ्यांना तिन्ही सारखे, परंतु शोध घेताना संगणकाला ते तीन निरनिराळे शब्द वाटू शकतात. बोलीच्या सामग्रीत 'वऱ्हाड' किती वेळा आला, याची गणना त्यामुळे सहज चुकते.

इंग्रजीतून आलेल्या 'ॲ'चीही हीच स्थिती. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वीच्या लेखनात 'अ'वर चंद्र देऊन तो बनवला जात असे. म्हणून 'ॲप्रेंटिस' हा या पट्ट्यात घरोघरी ऐकू येणारा शब्द जुन्या आणि नव्या फायलींत वेगवेगळा साठवलेला आढळतो.

या बाबतीत साधने कशी वागतात? ईमॅक्समध्ये कोणत्याही अक्षरावर जाऊन त्याचा संपूर्ण परिचय विचारता येतो : संकेतांक, नाव, वर्ग. व्हिममध्ये दोन कळा दाबून संकेतांक दिसतो, पण परिचय मिळत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये अदृश्य चिन्हांभोवती चौकट काढून ती दाखवण्याची सोय २०२१ पासून अंगभूत आहे. नवशिक्याला जोडक कोठे दडला आहे हे दाखवण्यासाठी याहून सोपा मार्ग नाही. नोटपॅड प्लस प्लसमध्ये संकेतांक देऊन असे चिन्ह शोधता येते, मात्र ते असेल अशी शंका आधी यावी लागते.

पहिल्या दोन रूपांचे एकीकरण युनिकोडच्या नियमांनीच होते, कारण 'र' आणि नुक्ता यांची जोडी व स्वतंत्र 'ऱ' ही परस्परांशी समकक्ष मानलेली आहेत. जोडकाचे तसे नाही, आणि 'अ'वर चंद्र देऊन केलेल्या 'ॲ'चेही नाही. तेथे अभ्यासकालाच बदलीचा नियम लिहावा लागतो. तो लिहितानाही सरसकट सर्व जोडके पुसून चालत नाही. कारण 'क्ष' हे जोडाक्षर मोडून अर्धा 'क' आणि 'ष' वेगळे दाखवण्यासारख्या ठिकाणी जोडक हेतुपुरस्सर घातलेला असू शकतो. जुन्या मुद्रित प्रतीतील अक्षरवळण टिपणाऱ्या संपादकाने तो मुद्दाम घातलेला असेल, तर तो पुसणे म्हणजे पाठ बदलणे होय.

टंकनपद्धतीचा परिणामही येथेच विचारात घ्यावा. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाणित केलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकात 'ऱ' आणि 'ळ' या दोहोंना स्वतःच्या कळा आहेत. रोमन अक्षरांवरून देवनागरी उमटवणाऱ्या पद्धतींत 'र'नंतर 'य' आला की सहजगत्या रफार येतो. 'ऱ' वेगळ्या खुणेने मागावा लागतो. घाईत लिहिणारा ती खूण विसरतो आणि दऱ्यांचा दर्या होतो. ईमॅक्समध्ये या दोन्ही पद्धती अंगभूत आहेत. शिवाय २०२३ मधील त्याच्या एकोणतिसाव्या आवृत्तीत मोडी लिपीचीही टंकनपद्धती समाविष्ट झाली आहे. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले, हे लक्षात घेता दप्तरांच्या अभ्यासकाला ही सोय मोलाची वाटावी. इतर एडिटरमध्ये संगणकाच्या व्यवस्थेतील कळफलकावर विसंबावे लागते.

५. शब्दाची पातळी

तुलनेचा सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. येथे प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावी लागेल. एडिटर निरनिराळे असले तरी त्यांच्यातील मराठी शुद्धलेखन-तपासनिसाचा पाया पुष्कळदा एकच असतो. तो म्हणजे 'हनस्पेल'. लास्लो नेमेथ यांनी तो मुळात हंगेरियन भाषेसाठी तयार केला. हंगेरियन ही प्रत्ययबहुल भाषा असल्याने केवळ शब्दांची यादी देऊन तेथे भागणार नव्हते. म्हणून हनस्पेलच्या कोशाला दोन फायली असतात : एकीत मूळ शब्द आणि त्यांपुढे वर्गखुणा, दुसरीत त्या वर्गाला कोणते प्रत्यय कसे लागतात याचे नियम. मराठीसाठी अशा स्वरूपाचा कोश मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे.

ही दुसरी फाइल म्हणजे वस्तुतः सामान्यरूपाचे व्याकरण होय. 'रस्ता'चे 'रस्त्यात' करावयाचे तर अखेरचा 'आ'कार काढून 'य'कार जोडावा, असा नियम तेथे लिहिता येतो. 'फूल'चे 'फुलात' करताना उपान्त्य दीर्घ ऊकार ऱ्हस्व करावा, 'पाऊस'चे 'पावसात' करताना 'ऊ'चा 'व' करावा, हेही लिहिता येते. 'मामा' आणि 'राजा' यांना मात्र 'रस्ता'चा नियम लागू नये, म्हणून त्यांना वेगळी वर्गखूण द्यावी लागते. मोरो केशव दामले यांच्या व्याकरणात ज्या प्रश्नांचा ऊहापोह वाचून आपले विद्यार्थी कंटाळतात, तेच प्रश्न येथे काम अडवून उभे राहतात.

हनस्पेलची एक मर्यादा मराठीला जाचते. तो शब्दाच्या शेवटी एकापाठोपाठ दोन प्रत्ययांपर्यंत सोडवणूक करतो. 'घरातल्यांनाही' या एका शब्दात सामान्यरूप, 'त', 'ल'चे विशेषणरूप, अनेकवचन, 'ना' आणि 'ही' इतके थर आहेत. असे शब्द ओळखावयाचे तर अनेक थरांचा एक संयुक्त प्रत्यय कल्पून तो नियमात घालावा लागतो. तसे न केल्यास निर्दोष मराठी शब्दाखाली रेघ येते. ही रेघ लेखकाची चूक दाखवीत नसून कोशाची अपूर्णता दाखवते, हे विद्यार्थ्यांना सांगणे आवश्यक आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. कोश प्रमाण मराठीचा असतो. त्यामागे १९६२ मध्ये शासनाने मान्य केलेले चौदा आणि १९७२ मध्ये भर घातलेले चार असे अठरा नियम उभे असतात. प्रमाण लेखनासाठी ते योग्यच. परंतु अहिराणी बोलणारा कामगार 'माझा' या अर्थी 'मना' म्हणतो, तेव्हा काय होते? प्रमाण मराठीत 'मन'चे सामान्यरूप 'मना' आहेच. त्यामुळे तपासनीस गप्प राहतो. 'मले' खाली रेघ, 'मना' खाली नाही. पहिल्या ठिकाणी तो बोलीला चूक ठरवतो, तर दुसऱ्या ठिकाणी बोलीला ओळखतच नाही. रेघेची उपस्थिती आणि अनुपस्थिती या दोन्ही गोष्टी संशोधकाने पुरावा म्हणून घेऊ नयेत, हा येथील धडा.

आता चार साधनांकडे वळता येईल. नोटपॅड प्लस प्लसला जोडावयाचे 'डीस्पेलचेक' हे प्लगइन हनस्पेलचे कोश वापरते, एकाहून अधिक भाषा एकत्र तपासते आणि वापरणाऱ्याचे शब्द स्वतंत्र यादीत ठेवते. चालवावयास ते सर्वांत सोपे. तथापि यादीत एकदा घातलेला 'मले' यापुढे सर्वत्र ग्राह्य ठरतो. उद्या प्रमाण मराठीत लिहिलेल्या प्रस्तावनेत तो चुकून आला तरी कळणार नाही. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमधील 'कोड स्पेल चेकर' हे प्लगइन, नावाप्रमाणेच, मुळात प्रोग्रामच्या लेखनातील शब्द तपासण्यासाठी घडले आहे. त्यात प्रत्येक प्रकल्पाची वेगळी शब्दयादी ठेवता येते, हा गुण. पण त्याचा भर तयार शब्दयाद्यांवर असल्याने मराठीची विपुल सामान्यरूपे त्यात सहज सामावत नाहीत.

ईमॅक्समधील 'फ्लायस्पेल' हनस्पेलला बाहेरून हाक मारते. त्यातील एक सोय संपादनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल. विशिष्ट संहितेपुरते ग्राह्य असलेले शब्द त्याच फायलीच्या शेवटी 'स्थानिक शब्द' म्हणून नोंदवता येतात. संहिता जेथे जाईल तेथे तिची शब्दसूची तिच्यासोबत जाते. जुन्या ग्रंथाच्या संपादित आवृत्तीला आपण शब्दकोश जोडतो, त्याचेच हे रूप आहे. आणि दुसरा अभ्यासक ती सूची वाचून आक्षेपही घेऊ शकतो.

व्हिमची कल्पना याहून पुढे जाते. २००६ मध्ये त्याच्या सातव्या आवृत्तीत शुद्धलेखन-तपासणी आली, तेव्हा ब्रिटिश, अमेरिकी, ऑस्ट्रेलियन अशा इंग्रजीच्या भेदांसाठी 'प्रदेश' ही कोटी योजण्यात आली. जो शब्द भाषेत आहे पण निवडलेल्या प्रदेशाचा नाही, तो चुकीच्या शब्दाहून वेगळ्या खुणेने दाखवला जातो. हनस्पेलच्या फायली व्हिमच्या स्वरूपात रूपांतरित करता येत असल्याने, वऱ्हाडीचा एक आणि मराठवाडीचा एक असे प्रादेशिक कोश प्रमाण कोशासोबत बांधणे तत्त्वतः शक्य आहे. मग 'मले' हा 'चूक' न ठरता 'अन्य प्रदेशाचा' ठरेल. 'अशुद्ध' आणि 'प्रादेशिक' यांतला जो भेद भाषाविज्ञानाने मराठीच्या वर्गात रुजवण्यासाठी दीर्घकाळ खटपट केली, तो येथे साधनाच्या रचनेतच मान्य झाला आहे. दुर्दैवाने याच साधनात देवनागरी सर्वांत वाईट दिसते. व्हिम बहुधा ज्या टर्मिनलमध्ये चालतो, तेथील समान रुंदीच्या चौकटींत जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट बसत नाहीत. विचार उत्तम पण अक्षर दुर्बोध, असा हा विरोध आहे.

६. पाठाची पातळी

दोन प्रतींतील पाठभेद टिपण्याच्या बाबतीत सर्वच साधने समर्थ आहेत. भेद तपशिलाचा आहे. नोटपॅड प्लस प्लसचे 'कंपेअर प्लस' आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोडची अंगभूत सोय दोन फायली शेजारी ठेवून फरक रंगवतात. ईमॅक्समधील 'ईडिफ' तीन प्रती एकत्र घेते आणि ओळीच्या आत शब्दापर्यंत फरक दाखवते. व्हिमही अनेक प्रती शेजारी मांडतो.

मात्र ही सर्व साधने मुळात ओळ हे एकक मानतात. म्हणून ओवी किंवा अभंग उतरवताना प्रत्येक चरण स्वतंत्र ओळीवर लिहावा आणि ओवीचा क्रमांक वेगळ्या ओळीवर ठेवावा. अन्यथा एका चरणातील ऱ्हस्व-दीर्घाच्या भेदाने सबंध ओवी भिन्न ठरते. तसेच तुलनेपूर्वी अक्षरपातळीवरील एकीकरण, तेही मूळ फाइल न बदलता तिच्या नकलेवर, करून घ्यावे. तसे न केल्यास संगणक 'ऱ'च्या साठवणुकीतील फरकही पाठभेद म्हणून दाखवील, आणि लेखनिकाचा दोष व टंकनिकाची सवय यांत गल्लत होईल.

७. समारोप

या तुलनेतून एकच साधन सर्वश्रेष्ठ ठरत नाही. नवशिक्या विद्यार्थ्याने नोटपॅड प्लस प्लस आणि डीस्पेलचेक यांपासून सुरुवात करावी. अदृश्य चिन्हांची झाडाझडती व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये घ्यावी. संहितासंपादन आणि बोलीची सामग्री यांसाठी शिकण्याचे कष्ट सोसून ईमॅक्स स्वीकारावा. व्हिमची प्रादेशिक कोटी मराठीसाठी अद्याप कल्पनेच्या पातळीवर उपयुक्त आहे. साधन कोणतेही असो, बोलीच्या मजकुरावर 'सर्व सुधारणा स्वीकारा' ही आज्ञा कधीही देऊ नये, आणि मूळ उतारा व ध्वनिमुद्रण यांची वेगळी प्रत जपावी.

स्रोत मुक्त असल्याने साधन आपोआप चांगले होत नाही. त्याचा लाभ इतकाच की, त्याचा निर्णय उघडून वाचता येतो. 'मले' का नाकारला गेला, हे कोशाची फाइल उघडून पाहता येते आणि वाटल्यास दुरुस्ती सुचवता येते. पण ती दुरुस्ती करणार कोण? नियम लिहिण्याचे तंत्र संगणकाचा जाणकार सांगेल. 'ओव्हरटाइमला' आणि 'ओव्हरटाइमाला' यांपैकी कोणते रूप कोणाच्या बोलण्यात येते, परभाषेतून आलेल्या शब्दाला सामान्यरूप केव्हा होते आणि केव्हा होत नाही, हे सांगण्याचे काम मराठीच्या विभागांचेच आहे. चाकणच्या एखाद्या कारखान्यात पाळी करून वर्गात येणारा विद्यार्थी याचे उत्तर आपल्यापेक्षा अधिक जाणतो. पदव्युत्तर अभ्यासक्रमातील एका प्रकल्पात प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावच्या बोलीतील मोजके शब्द त्यांच्या रूपनियमांसह कोशाच्या स्वरूपात नोंदवले, तरी काही वर्षांत एक उपयुक्त प्रादेशिक कोश सिद्ध होऊ शकेल. गाळावे लागलेले ते प्रकरण परत मिळणार नाही. पण पुढच्या विद्यार्थ्याच्या 'मले' खालची तांबडी रेघ पुसणे आपल्या हाती आहे.